भस्म लावलेले दोन स्पोक

मन्मथअप्पा गेल्या महिन्यात, एका सोमवारी दुपारी, धारूरच्या घाटात गेले. त्यांची बॅटरीची गाडी शेजारीच स्टँडवर उभी होती. अंगावर खरचटल्याचीही खूण नव्हती. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला. गावात मात्र संध्याकाळपर्यंत बोललं गेलं, की गाडीनं घात केला.

अप्पांचं धारूरच्या पेठेत किराणा दुकान होतं. आम्ही शेजारी. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी औरंगाबादहून ती गाडी आणली. पेट्रोल नको, लायसन्स नको. भारनियमनातून वीज मिळेल तेव्हा चार्जिंग. मोटर मागच्या चाकातच बसवलेली. वर्षभरात त्या चाकाचे स्पोक ढिले पडू लागले. तोवर विक्रेता मोबाइल विकायला लागला होता आणि तसले स्पोक त्याच्याकडे नव्हते. मग सायकलवाल्या याकूबने मोटारसायकलचे जाड स्पोक कापून, आटे पाडून बसवले. जाड म्हणजे मजबूत, असं दोघांनाही वाटलं. पण रिम पातळ होती. तिला सोसेल एवढ्या ताणात जाड स्पोक घट्ट राहत नव्हते, घाटातल्या हादऱ्यांनी पुन्हा सुटत. हे लक्षात यायला फार दिवस गेले. पुण्याहून पातळ स्पोक मागवायचं ठरलं होतं...

अप्पा सुरुवातीला स्वतःच पाना फिरवत. ढिला तेवढाच आवळत, त्यामुळे चाक आणखी वाकडं होई. "अप्पा, तुमी दुकानात साखर जोखा. चाकाला हात लावू नका," याकूबने एकदा बजावलं. "मग ढिला कोनता, ते तुला कसं कळावं बे?" "खूण करा. बाकी मी बघतो." तेव्हापासून रोज सकाळी लिंगपूजा झाली, की अप्पा चाकाशी बसत. एकेक स्पोक नखाने वाजवायचा. जो बद्द वाजेल त्याला बोटावरचं उरलेलं भस्म लावायचं आणि गाडी याकूबकडे न्यायची. "आज देवानं दोघांना टिळा लावलाय," असं म्हणून ते बाकावर बसत. याकूब चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढी आणि शेवटी ओल्या फडक्याने भस्म पुसून टाकी. पुसलं म्हणजे काम झालं.

दर सोमवारी अप्पा घाटाखालच्या महादेवाला दिव्याचं तेल नेत. हा नेम त्यांनी कधी चुकवला नाही. त्या सोमवारी परतताना ते सोपान धनगराला दिसले. सोपान तिथे मेंढ्या चारत होता. "गाडी ढकलत येत होते. मी म्हनलो, बसून जा की अप्पा. तर म्हनले, चाक रुसलंय, चालवत नेतो त्याला." पुढे ते कठड्यावर टेकले. पाणी मागितलं, प्यायले... पुन्हा उठले नाहीत.

त्या दिवशी याकूब भाचीच्या लग्नासाठी चकलांब्याला गेला होता. अप्पांचा दहावा झाल्यावर तो माझ्याकडे आला. बसला नाही. "तुमी पेपरवाले, खरं काढून सांगा. चाक वाटंत सुटलं, का अप्पा सकाळी माज्याकडं आलते?" मी त्याच्या दुकानासमोरच्या चहावाल्याला विचारलं. अप्पा आले होते. कुलूप पाहिलं, बाकावर बसून चहा घेतला, उन्हं चढू लागल्यावर घाटाकडे निघाले. मी याकूबला तसंच सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "लई वेळ बसले आसतील..."

अप्पांच्या पत्नी गिरिजाबाईंनी परवा गाडी याकूबकडे पाठवली. "त्यांनी तुझ्याकडंच आणली आसती," असा निरोप होता. याकूबने मागचं चाक काढलं, पाना घेतला, परत ठेवला. चाक दुकानात खुंटीला टांगलेलं आहे. त्यातले दोन स्पोक ढिले आहेत. दोन्हींवर भस्म आहे.