सारिकाचा भाऊ म्हणून आलेले दोघे

आमच्या आळीतलं पहिलं घर गोजाबाईचं. सापगावच्या रस्त्यावरून आत वळलं की आधी तिचा ओटा लागतो, मग आमची घरं, आणि शेवटी विहार. कामावर जाणारा प्रत्येकजण किल्ली तिच्याकडे टाकून जायचा. असं कोणी ठरवलं नव्हतं. नवरा गेला, मुलगा भिवंडीला राहायला गेला, तेव्हापासून ती दिवसभर ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असायची, म्हणून आपोआप पडलेली रीत. कोणाचा पाहुणा आला तर त्याला चहा पाजून किल्ली देणं हे तिचं काम. त्यातून पाहुणा घरच्या सुनेच्या माहेरचा असेल तर काही विचारायचंच नाही. माहेरच्या माणसाची दारात चौकशी केली तर ती सून वर्षभर तोंड फिरवून बसते आणि तिचं काही चुकतही नाही.

म्हसा गावची जत्रा होती तेव्हाची गोष्ट. अर्धी आळी घोंगड्या घ्यायला आणि फिरायला गेली होती. भरदुपारी एक तरुण आला. "जयभीम, आजी. मी सारिकाचा भाऊ." सारिका माझ्या शेजारची. नवरा वारलेला, मुलगी कल्याणला होस्टेलला, आणि ही आटगावजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला. या भावाला आळीत कोणी नीट बघितलेलं नव्हतं. बहिणीच्या लग्नात तो हाफ चड्डीत होता आणि नंतर वापीला नोकरीला गेला. आलेल्या माणसाला सारिकाच्या मुलीचं नाव माहीत होतं, माहेर म्हशाकडचं हेही माहीत होतं. वर त्यानं फोन लावून दिला. पलीकडून बाईचा आवाज आला, "आत्या, द्या त्याला किल्ली." मागे यंत्रांची घरघर होती. गोजाबाईनं चहा केला, किल्ली दिली.

संध्याकाळी सारिका आली तेव्हा कपाट उघडं होतं. आईनं लग्नात दिलेली बोरमाळ गेली होती. तिला कोणाचा फोन आलाच नव्हता. कामावर शिरताना फोन गेटवर जमा करावा लागतो, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. गोजाबाईलाही होतं. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच.

सारिका तिला एका शब्दानं बोलली नाही. कोणीच बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून माणसं किल्ली खिशात घालून जाऊ लागली. काहीजण तर मागच्या वाटेनं जायचे, तिच्या समोरून जायला नको म्हणून. मला याचा फार राग यायचा. तिला मात्र राग, रडू, काहीच येत नव्हतं. ती तांदूळ निवडायची आणि निवडलेले पुन्हा निवडायची.

मग पोलिसांनी विहारात सभा घेतली. दाराला बाहेरून जाळीचं दार बसवा, दिवा लावा, बाहेर जाताय हे सगळ्या गावाला सांगू नका, अनोळखी माणसाला आत घेऊ नका, संशय आला तर कळवा, पण कोणाला हात लावू नका. सगळं शहाणपणाचंच होतं. आळीतल्याच अनिकेतनं पोरं जमवून दक्षता समिती काढली. समितीनं आधी शिट्ट्या आणल्या, मग जाकिटं. गोजाबाईच्या साध्या फोनमध्ये त्यानं आपला नंबर घालून दिला. "आजी, कोनी पन दिसला ना, पैला मला लावायचा. विचार करायचा नाय."

चैत्रात तो दुसरा आला. दाढी वाढलेली, अंगात चुरगळलेला शर्ट. "मी सारिकाचा भाऊ, रत्नदीप."

गोजाबाई उठून आत गेली, दार लावलं, कडी घातली आणि अनिकेतला फोन केला.

समितीची माणसं धावली. मारलं नाही, हे मान्य करायला हवं. त्याला विहाराच्या पडवीत खुर्चीवर बसवलं, फोन काढून घेतला. काय काम म्हणून विचारलं तर तो म्हणे, "तायीलाच सांगीन." आता यात संशय घेण्यासारखं काही नाही, हे बाहेरच्याला कळणार नाही, पण आम्हाला कळायला हवं होतं. आई किंवा बाप गेल्याचं आमच्यात फोनवर सांगत नाहीत. घरातलं माणूस जातं, "आई जरा आजारी आहे" एवढंच म्हणतं आणि लेकीला सोबत घेऊन येतं. लेकीच्या आधी ते परक्याला कळू द्यायचं नसतं.

दुपार कलली तेव्हा त्यानं शेवटी सांगितलं. आई गेली, ताईला न्यायला आलोय, लोक थांबलेत. अनिकेत म्हणाला, "पैला जो आला व्हता ना, त्याला पन सगला म्हाईत व्हता." रत्नदीपनं घरी फोन लावायला सांगितला. लावला. पलीकडचा माणूस रडत होता. पण मागच्या वेळीही फोनवर कोणीतरी बोललंच होतं, म्हणून तोही खरा धरला नाही. पोलिसांना कळवलं होतं, त्यांची गाडी जवळपास नव्हती. सारिकाला कारखान्यातून आणावं हे कोणाला तरी सुचलं, तोवर तिची पाळी सुटायची वेळ झाली होती.

ती आली. पडवीत बसलेल्या भावाला बघितलं आणि तिथंच खाली बसली. त्याला काही सांगावंच लागलं नाही.

ते म्हशाकडे निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. सूर्य मावळायच्या आत अग्नी द्यायचा म्हणून तिकडच्यांनी वाट बघून बघून शेवटी दिला. सारिकाला आईचं तोंड दिसलं नाही.

पुढच्या सभेत पोलीस साहेबांनी गोजाबाईचं नाव घेतलं. सगळ्यांनी असंच सावध राहावं म्हणाले. टाळ्या पडल्या. आईचा जलदानविधी आटोपून सारिका परत आली, ती आधी गोजाबाईच्याच ओट्यावर गेली. मी सोबत होते. "आत्या, तुमी बरोबर केलंव," ती म्हणाली. "मी सांगते ना. मनात काय ठेवू नका." तिचा चेहराही भिंतीसारखा कोरा होता.

गोजाबाईनं मान हलवली. सारिका घरी गेल्यावर ती मला म्हणाली, "संध्या, तो आल्या आल्या पानी मागत व्हता गो. उन्हाचा आलेला. आई जलायची बाकी त्याची. आन् मी आतून कडी घातली."