धुवणाची बादली

नुव्हेल फ्रांस गावच्या पुष्पावतीकडे काही म्हणता काही वाया जात नसे. तांदळाचं पाणी, भांड्यांचं पाणी, उरलंसुरलं सगळं धुवणाच्या बादलीत आणि बादली गोठ्यात. आजूबाजूच्या घरांची रीत तीच, पण ही बाई अंमळ जास्तच चिकट. चौऱ्याऐंशी साली तिची म्हातारी गाय आटत चालली होती. सगळी आशा दोन महिन्यांच्या कालवडीवर होती.

दीर गजेंद्र व्हाकोआ शहरातल्या एका दवाखान्यात झाडू मारायचा. औषधं थंड राहावीत म्हणून खोक्यात येणाऱ्या, निळा चिकटा भरलेल्या बर्फाच्या थैल्या तो तिला आणून देई. दुकानदाराच्या फ्रीजरमध्ये गोठवून त्या दुधाच्या किटल्यांभोवती लावायच्या आणि व्हाकोआची बस धरायची. दूध नासेनासं झालं. खूश होऊन तिने दोन थैल्या शेजारच्या इंद्राणीला दिल्या, तिचाही दुधाचाच धंदा.

"फुटली तर उघडू नकोस हं, भौजी. तशीच मला परत दे, आत औषधी विष असतं," गजेंद्रने बजावलं होतं.

"हो रे बाबा!" म्हणाली खरी. पण एक थैली चिरली तेव्हा ते जाड प्लास्टिक बघून हिला राहवेना. बियाणं ठेवायला काय सुरेख! तिने थैली कापली, आतला निळा, गोडसर चिकटा पिळून काढला आणि हाताच्या सवयीने बादलीतच विसळली. कालवडीने बादली चाटूनपुसून रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालवड झिंगल्यासारखी चालू लागली, तिसऱ्या दिवशी गेली. पुष्पावतीला कळून चुकलं. पण सांगायचं कुठल्या तोंडाने? "ताप भरला होता," तिने इंद्राणीला सांगितलं. मेली लाज आड आली, दुसरं काय!

चार दिवसांनी संध्याकाळी इंद्राणीच्या दोरीवर कापलेली थैली वाळत होती. आयो! पुष्पावती धावतच तिच्या गोठ्यात शिरली.

इंद्राणी वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वासराला उभं राहता येत नव्हतं. पुष्पावतीने रडत रडत सगळं एका दमात सांगून टाकलं.

"तुला कधी कळलं हे?" इंद्राणीने विचारलं.

"माझी गेली त्याच दिवशी."

इंद्राणी वासराच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

"मी आज सकाळी ते धुवण पाजलं गं," ती म्हणाली. "आज सकाळी."