गाडीत दोष नाही

बसप्पा मामांचा टँकर तिसऱ्यांदा माझ्या गॅरेजसमोर उभा राहिला, तेव्हा मी मान वर करून बघितलंही नाही.

"उस्ताद, पुन्हा बंद पडला," मामा म्हणाले. "चढावर गेला की धापा टाकतो अन् मरतो. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू."

"आत्ता चालू आहे ना?"

"आत्ता हाय."

"मग मी काय बघू?"

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. भाड्याच्या इमारतींत सरकारी ऑफिसं उघडत होती, त्यांच्या जीपा आमच्याकडे यायच्या. त्यात दुष्काळ. खेड्यांना पाणी नेणारे टँकर खिळखिळे होऊन यायचे. स्प्रिंगचा पाटा तुटला, क्लच प्लेट जळाली, असली कामं मला आवडायची. तुटलेलं डोळ्यांना दिसतं, बदललं की गाडी बाहेर.

मामांचं काम तसलं नव्हतं. गॅरेजमध्ये न दिसणारा बिघाड शोधायचा तर गाडीबरोबर फिरावं लागतं. भरलेल्या टँकरमध्ये बसायचं, तो बंद पडायची वाट बघायची, आणि पडला की लगेच पाइप खोलून डिझेल कुठपर्यंत येतंय ते बघायचं. सगळा दिवस जातो. कधी कधी त्या दिवशी गाडी बंद पडतच नाही. पार्ट बदलला तर गिऱ्हाईक पैसे देतं, नुसतं शोधलं तर विचारतं, "केलं काय?" म्हणून असली गाडी जो तो दुसऱ्याच्या दारात ढकलायचा. मी दोनदा डिझेल फिल्टर बदलून दिला होता. तिसऱ्यांदाही तेच केलं.

"एक फेरी माझ्यासंगं चल ना," मामा म्हणाले. "तुझ्या डोळ्यानं बघ."

"सोमवारी येतो, मामा."

सोमवारी मी गेलो नाही.

मामा टँकरचे ड्रायव्हर, मुखेडकडचे. पन्नाशी ओलांडलेली, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

आठवड्यानं टँकरचे ठेकेदार मामांना घेऊन आले.

"मिस्त्री, हे एका गावाला रोज उशिरा पोचायलेत. गाववाले म्हणतात, वाटेत मळ्यात पाणी विकतात. हे म्हणतात, गाडी बंद पडते. तुम्ही तीनदा बघितली. दोष हाय का न्हाई, एवढंच सांगा."

मामा माझ्याकडे बघत होते. मी नीट शोधलंच नाही, हे सांगायची मला लाज वाटली.

"गाडीत दोष नाही, शेठ," मी म्हणालो.

मामांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "ह्याची आण हाय, मालक. एक घागर इकली न्हाई."

ठेकेदारांनी किल्ली मागितली. मामांनी दिली. केबिनमधून डबा आणि टॉवेल काढला आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

चौथ्या दिवशी नव्या ड्रायव्हरच्या हातात टँकर त्याच चढावर बंद पडला. या वेळी ठेकेदार स्वतः आत होते. ते आले आणि म्हणाले, "चला, बसा."

मी बसलो. पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसऱ्या फेरीला चढाच्या मध्यावर इंजिन दम सोडत बंद पडलं. मी डिझेलच्या टाकीकडून पंपाकडे जाणारा पाइप खोलला. कोरडा. टाकीत डिझेल भरपूर होतं.

गॅरेजमध्ये येऊन टाकी उतरवली. आत तळहाताएवढा कापडाचा तुकडा निघाला. चढावर इंजिन जोरात डिझेल ओढायचं, तेव्हा तो पाइपच्या तोंडाला जाऊन चिकटायचा. इंजिन बंद पडलं की ओढ थांबायची, कापड सुटून खाली बसायचं. हात पुसायचं कापड होतं. कुणाचं, ते कळलं नाही. माझ्या गॅरेजमधलंही असेल.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं मुखेडला गेलो, तिथून चालत मामांच्या गावाला. मामा ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. ठेकेदारांनी परत बोलावलंय, तेही सांगितलं.

"सापडलं का? बरं झालं," मामा म्हणाले. मग म्हणाले, "शेवटच्या फेरीला एक बाई घागर रिकामीच घेऊन माघारी गेली. कडेवर लेकरू होतं. म्हणली, चोराच्या हातचं पाणी नको. तिला जाऊन सांगतूस का?"

मी म्हणालो, "सांगतो."

आणि या वेळी गेलो. पण ती बाई कोण, हे टँकरच्या त्या गावात कुणालाच सांगता येईना. टँकरभोवती उभ्या असलेल्या लोकांना मी ओरडून सांगितलं, "बसप्पा मामांची चूक नव्हती. डिझेलच्या टाकीत कापड अडकलं होतं. माझ्या बघण्यात आलं नाही."

"हाव का?" एक म्हातारा म्हणाला. बाकीच्यांचं लक्ष नळीकडे होतं.

मामा कामावर परत आले नाहीत. त्यांनी पुन्हा स्टेअरिंग धरलं नाही, असं पुढे कळलं.

त्यानंतर मी तीसेक वर्षं गॅरेज चालवलं. अवघड गाड्या मीही कित्येकदा परत पाठवल्या. वेळ नसेल तर काम नाकारावं, त्यात पाप नाही. फक्त जे काम केलंच नाही, त्यावर मत देऊ नये.