दीड ड्रम आणि एक बॉयलर सूट

पेण तालुक्यातल्या खारढोंबी गावात १९९४ साली एकच होडी अशी होती, जिला नाव नव्हतं, नारळ फुटला नव्हता आणि जी होडी आहे की नाही यावर गावाचं एकमत नव्हतं. ती धोंडुबाईची होती. दीड ड्रमाची.

धोंडुबाई तेव्हा चाळिशी ओलांडलेली. नवरा कान्हू नागोठण्याच्या बाजूला एका कंत्राटदाराकडे कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी धाकट्या भावाबरोबर, काळुरामबरोबर, खाडीत जाळं टाकायचा. होडी दोघांची. कान्हू काविळीने गेला आणि होडी एकट्या काळुरामची झाली. हे कोणी ठरवलं नाही. असल्या गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत. पहिल्या वर्षी वहिनीच्या वाट्याला टोपलीतला सगळ्यांत महागडा मासा, जिताडा, यायचा. दुसऱ्या वर्षी त्याहून स्वस्तातली बोय आली. तिसऱ्या वर्षी धोंडुबाई टोपली घेऊन दिराच्या दारात उभी राहिली, तेव्हा त्याने तळाची खरबी-निवटी, चिखलातली बारीक मासळी, तिच्या टोपलीत ओतली आणि वर म्हणाला, "ताजी हाय, वयनी."

"जिताडा कुटं गेला?"

"लागला नाय."

शांती, म्हणजे काळुरामची बायको, आत जिताड्याचे तुकडे तळत होती. वास अंगणात येत होता. धोंडुबाईने खरबी घेतली, घरी गेली, आणि त्यानंतर त्या दारात टोपली घेऊन पुन्हा उभी राहिली नाही. आधी तिने होडीतली जागा मागून पाहिली होती. "बाईमाणूस होडीत बसत नाय," एवढंच उत्तर मिळालं होतं. बाईमाणसाने कमरेएवढ्या चिखलात उतरून चिंबोऱ्या धराव्यात, मिठागरात उन्हात पाटी वाहावी, यावर गावाचा आक्षेप नव्हता. आक्षेप बसण्याला होता.

मग तिने होडी केली.

रोह्याला भंगारवाल्याकडे कारखान्यांतून आलेले निळे प्लास्टिकचे ड्रम मिळायचे. तिने दोन आणले, कासूला भात घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याला गळ घालून. आठवडाभर ते खाडीच्या पाण्याने धुतले, आत काय होतं ते कोण सांगणार म्हणून. मग गावच्या सुताराकडून करवत आणून ड्रम उभे चिरले. चार अर्धुकं झाली. तीन एकापुढे एक जोडली, मधल्या भिंती कापल्या, सांध्यांना नटबोल्ट मारले आणि वरून डांबर फासलं. चौथं अर्धुक कोंबड्यांना दिलं. म्हणून दीड ड्रम.

पहिल्या दिवशी ते पाण्यात ठेवलं आणि ते लगेच कुशीवर झालं. बांधावर बसलेल्यांना फार आनंद झाला. धोंडुबाईने ते उचलून घरी नेलं आणि दोन्ही बाजूंना एकेक जाड पाण्याचा पाइप आडव्या बांबूंना बांधला, तोंडं बंद करून. आता ते उलटेना. वल्ह्यासाठी बांबू घेतला आणि त्याच्या दोन्ही टोकांना ड्रमचेच कापलेले तुकडे बसवले, कारण एकट्या माणसाला डावीकडे मारून उजवीकडे वल्हं फिरवत बसायला वेळ नसतो. बसायला स्कूटरचा जुना टायर. गळाच्या काठ्या उभ्या ठेवायला मागे पाइपचे दोन तुकडे. आमिषाची कोळंबी जिवंत राहावी म्हणून भोकं पाडलेला डबा बाजूला पाण्यात लोंबता. आणि जे जे सुटं होतं, ते ते दोरीने होडीला बांधलेलं: वल्हं, डबा, सुरी, भाकरीचं फडकं. खाडी पडलेली वस्तू परत देत नाही, हे तिला माहीत होतं.

जिताडा तिवरांच्या मुळांशी, उघाडीच्या म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या तोंडाशी, जिथे मोठी होडी शिरत नाही तिथे असतो. दीड ड्रम तिथे शिरायचा. पहिल्याच उधाणाला तिने जिताडा आणला आणि पेणच्या बाजारात स्वतः बसून विकला. बांधावरचे लोक अजून हसत होते, पण आता जरा कमी मोकळेपणाने.

तोपर्यंत ती लुगडं नेसूनच जायची. लुगड्याची निंदा इथे करायची नाही. चिखलात, बांधावर, मिठागरात कासोटा मारलेल्या नऊवारीसारखं वस्त्र नाही. ते ज्याने शोधलं तो नक्की कामाचा माणूस असणार, बहुधा बाई. पण ते उभ्या माणसासाठी आहे. पाय पसरून टायरवर बसलेल्या आणि चोहोबाजूंनी गळ घेऊन फिरणाऱ्या माणसासाठी नाही. एका सकाळी मासा लागला, तिने गळाची दोरी, तंगूस, ओढला, दुसऱ्या काठीचा गळ पदरात रुतला आणि मासा, पदर आणि धोंडुबाई एकाच दिशेने निघाले. होडी उलटली नाही; ती उलटली. ओल्या लुगड्याने गुडघे बांधले गेले. सुरी दोरीने बांधलेली होती म्हणून हाताला लागली. तिने पदर कापला आणि होडीला धरून तिवरांपर्यंत आली.

"मासा गेला," हे तिने घरी आल्यावर सांगितलं. बाकीचं नंतर, हळूहळू बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी ती कान्हूचा कामावरचा अंगभर निळा बॉयलर सूट घेऊन पेणला दत्तात्रेय शिंप्याकडे गेली. दत्तात्रेयाने सूट उलटासुलटा पाहिला.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

दत्तात्रेयाने मापाची टेप गळ्यात घातली आणि काढली. "बाई, माप कसं घेऊ?"

"मेल्या नवऱ्याचं घेतलं होतंस ना? त्यातून चार बोटं कमी कर."

पाय नडगीपर्यंत कापायचे, म्हणजे चिखलाला लागणार नाहीत. चेन काढून बटणं लावायची, कारण खारं पाणी चेन एका पावसाळ्यात खातं. बाह्या पूर्ण ठेवायच्या, उन्हासाठी. आणि वरून एक बंडी, तिला पुढेमागे कप्पे. कप्प्यांत भरायला तिने हमरापूरहून गणपतीच्या मखरांच्या उरलेल्या थर्माकोलचे तुकडे आणले होते, सोनेरी रंग लागलेले.

"हे कशाला?"

"तरंगायला."

"गणपतीपण बुडतो, बाई."

"त्याला बुडायचं असतं. मला नाय."

डोक्याला फडकं, त्यावर मिठागरातली रुंद टोपी, पायात कालवांच्या शिंपांपासून वाचायला कॅनव्हासचे बूट, पाणी निघून जावं म्हणून त्यांना तापल्या खिळ्याने भोकं पाडलेली, आणि छातीवर दोरीने अडकवलेली सुरी. असा सगळा जामानिमा करून धोंडुबाई घरातून बंदरावर चालत गेली. वाटेत एकूण एक दारात माणूस उभा होता.

ती बुडता बुडता वाचली तेव्हा गावाने बैठक बोलावली नव्हती. आता बोलावली.

बैठक देवळात व्हायची, पण रविवारी भरती दुपारची असल्याने आणि पंचांपैकी बऱ्याच जणांच्या होड्या बंदरावर असल्याने ती बंदराच्या पायऱ्यांवरच भरली. प्रमुख जगन पाटील. धोंडुबाई बॉयलर सूट घालूनच आली आणि होडी पायरीला बांधून तिच्या शेजारी उभी राहिली.

"धोंडू," पाटील म्हणाले, "होडीबद्दल आमचं काय नाय. ते काय हाय तेच आमाला कळलं नाय. पण हे कपडे? लेकीसुना बघतात."

"बघू दे. डोळे चांगले हायत त्यांचे."

"उद्या त्यापण घालतील."

"मग थर्माकोल जास्त आणावा लागंल."

कोणीतरी हसलं आणि पाटलांनी कोण ते पाहिलं. मग निर्णय सांगितला: मासे धरायचे तर लुगडं नेसून धर. नाहीतर होडी बंदराला लागणार नाही, बांधाला लागणार नाही, आणि कोणी हात लावणार नाही. निर्णय उदार असल्याचा पाटलांचा प्रामाणिक समज होता.

धोंडुबाईला त्याचा अर्थ बरोबर कळला. लुगड्यात ती पुन्हा उघाडीच्या तोंडाशी जाणार नाही, आणि तिथे गेली नाही तर जिताडा नाही, म्हणजे पुन्हा टोपली आणि काळुरामचं दार. काळुरामलाही तो तेवढाच कळला होता. तो पुढच्याच पायरीवर बसला होता.

"पाटील," ती म्हणाली, "ज्यानं लुगडं नेसून पाण्यात पडून बघितलं नाय, त्यानं मला सांगू नये."

इथे काळुरामने तोंड उघडलं नसतं तर निर्णय तसाच राहिला असता. पण काळुरामला एक अभिमान होता. दर शिमग्याला नाचात बाईचं सोंग तो घ्यायचा. कासोटा स्वतः घालायचा, आणि तो गावातल्या बऱ्याच बायांपेक्षा नीट बसायचा, हे बायाही मान्य करायच्या. पट्टीचा पोहणाराही तोच.

"मी काय नेसत नाय?" तो म्हणाला. "गेली बारा वर्सं नेसतोय. गावभर नाचतो त्यात. लुगड्यात काय हाय?"

"मग उतर पाण्यात," धोंडुबाई म्हणाली. "त्या टोकाच्या पायरीवरनं उडी मार आणि पाण्यातनं माझ्या होडीत चढ. आपला आपण चढलास तर मी हा सूट इथंच जाळते. नायतर हा विषय परत कोणी काढायचा नाय."

पाटील काही बोलायच्या आत काळुराम उठला होता. "शांते, लुगडं दे गो तुजं!"

"माझं नाय!" शांती बांधावरून ओरडली. "तुमचं शिमग्याचं नेसा!"

"ते झिरझिरीत हाय, फाटंल."

शेवटी शांतीचंच सुकत घातलेलं लुगडं आलं. काळुराम ते नेसला, अर्ध्या चड्डीवर, भराभर, बायकांची दाद घेत. पदर कमरेला खोचला. एक गिरकीही घेतली. मग उडी मारली.

पहिले चार हात त्याने झोकात मारले. मग सुती लुगड्याने पाणी प्यायला सुरुवात केली. नाचताना ते अंगाभोवती वाऱ्यावर असतं, आणि वारा काही पीत नाही. कासोटा सुटला, निऱ्या पायांत आल्या, आणि काळुरामने पाय मारायचा प्रयत्न केला तसे ते आणखी गुंडाळले गेले. तो धोंडुबाईच्या होडीशी पोहोचला खरा. तिथे कडेला धरून त्याने अंग वर उचललं, आणि लुगड्याने त्याला खाली ओढलं. पुन्हा उचललं. पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी त्याचं तोंड पाण्याखाली गेलं आणि बांधावरचं हसणं थांबलं.

धोंडुबाई पायरीवरून होडीत उतरली होतीच. तिने त्याचे केस धरून तोंड वर काढलं, त्याचा हात आडव्या बांबूवर ठेवला आणि छातीवरची सुरी काढली.

"फाडू नको गो!" बांधावरून शांतीचा आवाज आला. "बाजूनं सोडव! नवं हाय!"

"नवऱ्याला सोडवू का लुगड्याला?"

शांती क्षणभर गप्प राहिली. गावात या क्षणाबद्दल पुढे बरंच बोललं गेलं. "नवऱ्याला," ती म्हणाली.

धोंडुबाईने लुगडं गुडघ्यांपाशी कापलं. काळुराम मोकळा झाला, पोटावर झोपून होडीत चढला आणि टायरवर खोकत बसला. बाईमाणसाच्या होडीत बसणारा तो खारढोंबीचा पहिला पुरुष. धोंडुबाईने त्याला पायरीवर उतरवलं.

"पाण्याला ओढ होती," तो म्हणाला.

"नाचायला बरं, पोयाला नाय," शांती म्हणाली आणि उरलेलं लुगडं पिळू लागली.

जगन पाटलांपुढे आता पेच होता. पैज त्यांनी लावली नव्हती, पण त्यांच्यासमोर लागली होती. त्यांनी मध्यम मार्ग काढला.

"होडीत घाल तुला काय घालायचं ते. पण गावातनं येता-जाता वरनं लुगडं गुंडाळ. गावाचा मान राहील."

"नाय."

"अगो, नुसतं वरनं."

"नाय पाटील. मी चोरी करून येत नाय. घरातनं निघंन ती अशीच, आणि बाजारात बसंन ती पण अशीच. ज्याला बघवत नाय त्यानं खाडीकडं तोंड करून बसावं. तिकडं गेल्यावर मी परत दिसंन, त्याला इलाज नाय."

तिने दोरी सोडली.

"बैठक अजून उठली नाय!" मागून कोणीतरी ओरडलं.

"बसा तुमी. सुकती लागली, पाणी उतरतंय, मी चालले."

दोन तोंडांचं वल्हं डावी-उजवी पडत गेलं आणि दीड ड्रम तिवरांच्या वळणाला दिसेनासा झाला. बैठक रीतसर उठल्याचं कोणालाच आठवत नाही. माणसं एकेक करून उठली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई सूट, बंडी, टोपी आणि बूट घालून दारातून निघाली. जगन पाटील ओट्यावर दात घासत होते. ती दिसताच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती पुढे निघून गेली असती तर दोघांचंही भागलं असतं. ती थांबली.

"पाटील, पाणी कवा भरतंय आज?"

भरतीची वेळ तिला गावात सगळ्यांत चांगली ठाऊक होती. पाटलांनाही हे ठाऊक होतं. पण खाडीवरच्या माणसाला पाण्याची वेळ विचारली आणि त्याने सांगितली नाही, असं खारढोंबीत कधी झालेलं नाही.

त्यांनी चूळ भरली.

"कालपरीस उशिरा," ते भिंतीला म्हणाले. "उघाडीकडं जाणार असशील तर दमानं जा. दार उघडलंय तिथं."

"व्हय," धोंडुबाई म्हणाली आणि रस्त्याच्या मधोमध चालत बंदराकडे गेली.