तांबड्या रेघेच्या अलीकडे

आंबेनळी घाटाच्या खालच्या अंगाला आमची वाडी. तिथला पाण्याचा पंप मंजुळा चालवते. नवरा मुंबईला, आणि हिचा जीव मोटरीत. गेल्या उन्हाळ्यात मोटर जळली, तेव्हापासून तिला धड झोप नाही. आता शिमगा आला. मुंबईकर घराघरांत उतरले, आणि मोटर पालखीपर्यंत टिकते की नाही या घोराने ती उठून उठून पंपघराच्या भिंतीला कान लावायची.

बिरवाडीत जळक्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्या हर्षदने तिला सांगितलं होतं, की विजेचा दाब पडला की मोटर जास्त करंट ओढते, तापते, जळते. त्याने दोन मीटर दिले. दाबाला व्होल्टमीटर, करंटला ॲमीटर. ॲमीटरच्या काचेवर तांबडी रेघ ओढली. काटा तिच्यापुढे गेला की मोटर बंद करायची.

मीटर बसवायला माणूस बोलावला तर ती मंजुळा कसली! पंपाच्या नळावरचा दाबाचा गेज तिनेच बाजूने बसवला होता. त्याच धर्तीवर तिने व्होल्टमीटर दोन तारांना आडवा जोडला. काटा शहाण्यासारखा उठला. मग ॲमीटरही तसाच आडवा जोडला, आणि फाडकन फ्यूज उडाला.

वाकल्या काट्याचा मीटर पिशवीत घालून तिने बिरवाडी गाठली आणि काय कसं जोडलं ते सांगितलं. हर्षद हसला.

"काकी, गेज नळाला बाजूने लावलास. पाण्याचा मीटर कुठं बसतो?"

"नळ कापून, मधे. सगळं पाणी त्यातनं जायाला नको?"

"मग ॲमीटर त्याचाच भाऊ हाय. आडवा लावलास तर वीज मोटर सोडून त्याच्यातनंच धावणार."

त्याने काटा सरळ करून दिला. घरी येऊन तिने मेन स्विच पाडला, मोटरीकडे जाणारी तार कापली. चांगली तार कापणं तिच्या जिवावर आलं. दोन्ही टोकं मीटरला जोडली. नवा फ्यूज घातला, तशी मोटर सुरू झाली.

पालखीच्या दुपारी दाबाचा काटा खाली बसत गेला आणि करंटचा काटा तांबडी रेघ ओलांडून गेला. मंजुळाने मोटर बंद केली. अंगावर साबण तसाच घेऊन मुंबईकर टॉवेलावर पंपघराशी धावत आले. त्यांच्यापुढे वाडीतले म्हातारे भागोजी.

"शिमग्याला बोंबा कमी पडल्या म्हणून पाणी तोडलंस गो?"

"मारा बोंबा, आबा. मोटर जळली तर उद्या सगळ्यांनी हंडे घेऊन वहाळावर जायचं हाय."

कोणी पुटपुटलं, कोणी शिव्या दिल्या. ती दारातून हलली नाही. दिवस कलला तसा दाब वर आला. तिने मोटर सुरू केली. काटा रेघेच्या अलीकडे थांबला, थरथरत.

पालखी पंपघरासमोरून गेली तेव्हा मंजुळाने एका हाताने नमस्कार केला. दुसरा स्विचवर होता.