एकाच चरातल्या दोन तारा

तो माझ्या डोळ्यांत सलायचा, हे आधीच सांगून टाकतो. यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं संगणकशास्त्र शिकवायचो. मी वकिलांच्या घरातला. एखादा भाग बिघडला तरी चालू राहील असं नेटवर्क कसं बांधावं, याच विषयात वर्षानुवर्षं घासून डॉक्टरेट मिळवलेला. तो घाटंजीकडच्या कापूसवाल्या घरातला, माझ्यापेक्षा लहान, डॉक्टरेटच्या वाटेला न गेलेला. तरी पोरं प्रयोगशाळेत त्याच्याभोवती घोळका करायची आणि माझ्या तासाला घड्याळ बघायची.

कापसाचे ते वाईट दिवस होते. खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागायच्या आणि ऐनवेळी तोलाई, म्हणजे कापसाचं वजन, बंद व्हायची. आज तोलाई आहे की नाही, हे गावोगावी आधीच कळावं म्हणून केंद्रं संगणकाने जोडायचं काम आमच्या कॉलेजकडे आलं. प्राचार्यांनी ते त्याला दिलं. माझा विषय, आणि काम त्याला! त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला.

त्यावर कडी म्हणजे आराखडा घेऊन तो माझ्याकडेच आला. "सर, एकडाव पाहून द्या. याच्यातलं तुमच्याइतकं कोणाले समजते?"

घाटंजीच्या केंद्रापासून त्याने दोन तारा नेल्या होत्या. एक थेट यवतमाळला, दुसरी केळापूरवरून. एक तुटली तर निरोप दुसरीने जाणार. कागदावर खोट नव्हती. पण सासुरवाडीला जाताना एसटीच्या खिडकीतून मी ते काम पाहिलं होतं. घाटंजीबाहेरच्या पुलापर्यंत दोन्ही तारा एकाच चरात पुरल्या होत्या. नकाशावर वाटा दोन आणि जमिनीत चर एक, ही आमच्या विषयातली नेहमीची फसगत.

मी म्हणालो, "छान आहे. काही बदलू नका."

पुढे पूल रुंद करायला खोदकाम निघालं आणि यंत्राच्या एका फटक्यात दोन्ही तारा गेल्या. तोलाई बंद असल्याचा निरोप गावांत पोचलाच नाही. घाटंजीला दोन दिवस माणसं आणि बैल उन्हात ताटकळले. तो मोटारसायकलवर गावोगाव सांगत फिरला, घसा बसेपर्यंत.

बैठकीत प्राचार्यांनी विचारलं, "आराखडा कोणी तपासला होता?"

तो उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "कोणी नाही सर. माह्यंच चुकलं. चर पाहाले मी गेलोच नाही."

काम माझ्याकडे आलं. मी ते पूर्ण केलं, त्यावर शोधनिबंध लिहिला, प्राध्यापक झालो. हवं ते सगळं मिळालं.

मला सगळं माहीत होतं, हे त्याला कळलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही. पण चारचौघांत उभं राहून 'माझं चुकलं' म्हणणं त्याला इतकं सोपं कसं गेलं, याचा मला आजही हेवा वाटतो. ते दोन शब्द मला अजून त्याच्यासमोर म्हणता आलेले नाहीत.