दोनदा आप्पा आणि हिरवा दिवा

दोनदा आप्पांना हिरव्या दिव्याची भीती वाटायची. लाल दिवा दिसला की ते शांतपणे पेचकस काढून कामाला बसायचे, पण हिरवा लागला की चष्मा पुसायला लागायचे. शहाद्याच्या आमच्या केबल केंद्रात मी नवी इंजिनिअर म्हणून रुजू झाले तेव्हा मनात म्हटलं, झालं, या म्हाताऱ्याबरोबर आपलं काही खरं नाही!

दोनदा आप्पा, कारण सगळं दोनदा. प्रकाशा गावातल्या घराला कुलूप लावून स्टँडपर्यंत यायचे आणि ते ओढून बघायला परत जायचे, त्यात एसटी हमखास चुकायची. शेतातली केळी आणली की प्रत्येकाच्या हातात दोन. मी म्हसावदची, तोंडाने फटकळ. एकदा विचारलं, "आप्पा, लग्नही दोनदा केलं का?"

"एकच. पन तिले दोनदा ईचारं व्हतं," ते गंभीरपणे म्हणाले.

त्यांच्या सगळ्या काळजीचं मूळ एक लाईन होती. सातपुड्यात वर एक छोटं रुग्णालय आहे. तिथल्या रोग्याच्या छातीची पट्टी म्हणजे ईसीजी, सोनोग्राफीचं चित्र आमच्या लाईनवरून शहरातल्या डॉक्टरांकडे जातं आणि ते काय करायचं ते सांगतात. घाट उतरून माणूस खाली आणायचा तर तासन् तास जातात. म्हणून ही लाईन बंद पडण्यापेक्षा ती खोटं बोलेल याचाच आप्पांना धसका होता.

त्या लाईनवर नवं कार्ड बसवायचं काम माझ्याकडे आलं. कार्डावर नखाएवढी रिटाइमर चिप. लांबून येताना वेडावाकडा झालेला सिग्नल ती घेते, तो कुठल्या वेगाने येतोय ते ओळखते आणि ताजा करून पुढे पाठवते. वेग ओळखायला ती आपण दिलेल्या यादीतला एकेक वेग लावून बघते. जुळला की हिरवा दिवा. यादी मी लिहिली होती. आमच्या सगळ्या जुन्या लाईनी संथ, म्हणून सवयीने संथ वेग सगळ्यात वर टाकला. चाचणीचा सिग्नल सोडला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दिवा हिरवा! मी लगेच रुग्णालयाला फोन लावला, "वापरा बिनधास्त."

आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. "थांबा, आजून नका वापरू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर माझी शोभा! "आप्पा, दिवा लागलाय, दिसत नाही का?"

"म्हनीसनच भेव वाटस," ते म्हणाले. "बुझेल दिवाकडे कोनबी देखस. लागेल दिवाकडे कोन देखस? खरंखुरं चित्र मांग, बेटा."

रुग्णालयातून कुणाच्यातरी हाताचा जुना एक्स-रे मागवला. स्क्रीन कोरी. दिवा मात्र हिरवा. चाचणीचा सिग्नल अगदी साधा होता: दोन एक, दोन शून्य, पुन्हा दोन एक, दोन शून्य. निम्म्या वेगाने बघणाऱ्या चिपला त्या जोड्या एकेकच वाटल्या, आणि माझ्या यादीत तो निम्मा वेगच पहिला होता. खऱ्या चित्रात अशा जोड्या नसतात, म्हणून ते आलंच नाही.

"दोन जन चिटकीसन चालनात ते लांबथीन एकच दिखस," आप्पा म्हणाले. रागावले नाहीत. मी यादी उलटी केली, सगळ्यात मोठा वेग वर घेतला. एक्स-रे आला, अगदी नखापर्यंत स्पष्ट. त्यांनी तो पुन्हा मागवला. तेव्हा कुठे दोन केळी माझ्या पुढ्यात ठेवली.

निवृत्त झाल्यावर ते लेकीकडे, कविताकडे राहायला गेले. ती त्याच रुग्णालयात नर्स. "आते मी तुन्ही लाईनना दुसरा टोकले शे," जाताना म्हणाले. रोज सकाळी फोन यायचा, "दोनदा देखं का?" मी हो म्हणायचे. खरं सांगते, पुष्कळदा एकदाच बघितलेलं असायचं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला नाही. अकराच्या सुमाराला कविताचा आला. "ताई, आप्पानी छातीमां दुखी ऱ्हायनं. पट्टी धाडी ऱ्हायनू."

त्या दिवशीही मी लाईन एकदाच बघितली होती. दिवा हिरवा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. वेग बघितला, बरोबर. चुकांचा आकडा बघितला, शून्य. मनात म्हटलं, आखो एकदाव देख वं. पुन्हा शून्य. पट्टी गेली, डॉक्टरांचं उत्तर चार मिनिटांत वर पोचलं, औषध दिलं, गाडी निघाली. घाट मात्र पुरा उतरला नाही. आप्पा वाटेतच गेले.

दिवसकार्याला मी प्रकाशाला गेले. तापीच्या काठावरून परतताना कविता माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले.

"ताई, लाईन बरोबर व्हती ना?"

"व्हती वं. दोनदा देखी मी."

तिने मान हलवली. आम्ही घरापर्यंत चालत आलो. दारात तिने माझा हात धरला.

"बरोबर व्हती ना, ताई?"

"व्हती," मी पुन्हा सांगितलं.